जाळेवाल्याच्या पोटावरची पिशवी

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू. पण जिच्या तोंडाला घट्ट बूच आणि पोटात कढत पाणी, ती खोटं कशाला बोलेल?

मी एक जुनी शेकाची पिशवी आहे. लाल रबराची, अंगावर उभ्या रेघांची. आयुष्यात मी तीन माणसं लोळवली, एक दार फोडलं, एकदा खिडकीतून उडाले ती थेट रस्त्यापलीकडच्या न्हाव्याच्या गिऱ्हाइकाच्या मांडीवर जाऊन बसले. यातलं बहुतेक सगळं एका पोटदुखीपायी. त्या दुखण्याला चार वर्षं कुणाला नाव सापडलं नाही.

आत्ता मी सुतळीच्या पोटावर पडले आहे. सुतळी नऊ वर्षांची आहे, नावासारखीच बारीक आणि नावासारखीच चिवट. तिचं पोट परवापासून दुखतंय आणि तिनं ते आज सकाळपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. तिची दोन मावसभावंडं पलंगाच्या कडेला बसून तिला चिडवत आहेत. दुपारी तिची आई तिला डॉक्टरकडे नेणार आहे. तोवर वेळ आहे, म्हणून म्हटलं, या घरातली जुनी पोटदुखी आज सांगूनच टाकावी.

ती पोटदुखी होती या मुलांच्या आजोबांची. पण तेव्हा ते आजोबा नव्हते. सगळे त्यांना जाळेवाला म्हणत. मीही तसंच म्हणणार, आणि तेही एकेरीत. ज्यानं आपल्याला भिंतीवर आपटलं त्याला अहोजाहो करायची आम्हा रबराच्या जातीत पद्धत नाही.

माझा तर जन्मच मारामारीतला. झाडाच्या सालीवर चरे पाडून काढलेला चीक. तो घट्ट केला, दोन लोखंडी रुळांमध्ये घालून पिळला, गंधक घालून मळला. मग तापलेल्या साच्यात कोंबून वरून असा दाब दिला की मला माझं नावही आठवेना. ते अजून ठेवलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

साच्यातून निघाल्यावर परीक्षा. परीक्षा घेणाऱ्या माणसाला सगळा कारखाना 'पोतं' म्हणायचा, कारण त्याचं वजन. मला पाण्यानं भरून दोन फळ्यांमध्ये ठेवायचं आणि त्यानं वर उभं राहायचं. फुटली तर कचऱ्यात, टिकली तर खोक्यात. त्या दिवशी पोतं घरून बायकोचा मार खाऊन आलं होतं. उभं राहायचं सोडून ते माझ्यावर उड्याच मारायला लागलं. पहिली सोसली. दुसरी सोसली. तिसऱ्या उडीला मी अशी उसळले की पोतं वर जाऊन छताच्या पंख्याला लटकलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथंच गरगरत राहिलं. मुकादम खालून ओरडला, "ही पास!"

"काहीही!" सुतळी म्हणाली.

ऐका तर पुढं.

औषधाच्या दुकानात मी सहा महिने पडून होते. मग एक दिवस एक बाई आली. पदर खोचलेला, बोटांना डांबराचे डाग.

"शेकाची पिशवी द्या. दणकट द्या."

"कुणासाठी?" दुकानदारानं विचारलं.

"आमच्या ह्यांच्या पोटासाठी."

"पोटाला साधी चालते, ताई."

"साध्या दोन झाल्या. एक फुटली, एक फोडली."

दुकानदारानं मला काउंटरवर फाडकन आपटून दाखवलं. बाईनंही एकदा आपटून पाहिलं, माझा कान पिरगाळला आणि म्हणाली, "बरी आहे. टिकेल वर्षभर." ती जाळेवालीण. सुतळीची आजी.

त्यांचं घर बंदराजवळच्या गल्लीत होतं. पुढं दोन खोल्या, मागं लांबलचक कारखाना. कारखाना म्हणजे काय, तुळयांवरून लोंबणारी जाळी, एका कोपऱ्यात शिसं वितळवायची शेगडी, भिंतीला टेकून साचे. मासेमारीच्या जाळ्याला वरून तरंगणारे गोळे लागतात आणि खालून वजन लागतं. वजन नसेल तर जाळं पाण्यात उभंच राहत नाही. म्हणून त्याच्या खालच्या दोरीला वीतभर अंतरानं शिशाच्या गोळ्या लावतात. बोराएवढी गोळी, तिला एक चीर. चिरेत दोरी बसवायची आणि गोळी चेपून चीर मिटवायची.

आता दोरी ताणून धरायला दोन्ही हात लागतात. मग चेपायचं कशानं? बाकीच्या गल्लीत एक जण दोरी धरायचा, दुसरा पकडीनं गोळी चेपायचा. जाळेवाल्याच्या घराण्यात मात्र पकडीला मज्जाव होता. त्याचे वडील, अण्णा, गोळी दातानं चेपत. त्यांचेही वडील दातानं. जाळेवाला सकाळी बसला की डाव्या गालात वीस-पंचवीस गोळ्या भरून घ्यायचा. जिभेनं एक पुढं ढकलायची, दोरीवर बसवायची, कट्ट. दुसरी, कट्ट. जाळं असं सरसर पुढं सरकायचं की बोटीवाले बघत उभे राहायचे.

"पकड काय, बाजारात कुणालाही मिळते," तो गाल फुगवून म्हणायचा. "दात बापाचे लागतात."

त्याचा धाकटा भाऊही शेजारी बसून तसंच करायचा. पण त्याचा वेग कमी. दादाच्या दोन गोळ्या होईपर्यंत त्याची एक.

आता त्या पोटाबद्दल सांगते. मी त्या पोटावर चार वर्षं काढली आहेत, तेव्हा माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक नाही. आधी बेंबीच्या आसपास कुणीतरी दोरी पिळल्यासारखं व्हायचं. मग पोट फळीसारखं टणक. मग जाळेवाला घामानं भिजून जमिनीवर पालथा पडायचा आणि दोन्ही मुठी पोटात खुपसायचा, कारण दाबलं की जरा बरं वाटायचं. मुठींनी भागेना म्हणून त्या दोन साध्या आल्या, त्या गेल्यावर मी आले. पहिल्याच दिवशी तो सगळं अंग टाकून माझ्यावर पालथा पडला. मला पोत्याची आठवण झाली.

"गार आहे ही!" तो किंचाळला.

"अहो, उकळतं घातलंय."

"गार म्हटलं ना!" आणि मी भिंतीवर. एकदा खिडकी उघडी होती, तेव्हा थेट न्हाव्याकडे.

जाळेवालीण मला उचलून म्हणाली, "फेका, फेका. उद्या मलाच फेका म्हणजे पोट मोकळं होईल." हे ती चेष्टेनं म्हणाली. पहिल्या वर्षी चेष्टा जमायची.

पोट मोकळं व्हायचंच नाही, हाही एक भाग होता. चार-चार दिवस. पाचव्या दिवशी घरातली सगळी माणसं त्या एका दाराकडं कान लावून बसायची. आत जाळेवाला त्या दाराला लाथा घालायचा. बाहेर येऊन आरशात जीभ बघायचा, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघायचा, पोटाला कान लावता येत नाही म्हणून बायकोला लावायला लावायचा.

"काय ऐकू येतंय?"

"गुरगुर."

"कुठल्या बाजूला?"

"तोंडाच्या."

त्यावर स्वयंपाकघरातली दोन ताटं फुटली. एक त्यानं फोडलं, एक तिनं.

सल्ला द्यायला अर्धी गल्ली येऊन जायची. न्हाव्याचं म्हणणं, गॅस. न्हाव्याच्या मेहुण्याचं म्हणणं, जंत. शाळेतले निवृत्त मास्तर म्हणाले, "अशाच दुखण्यानं माझा एक मित्र गेला," आणि चहा पिऊन गेले. त्या दिवसापासून जाळेवाल्याच्या डोक्यात नवीनच किडा शिरला. आत गाठ आहे. डॉक्टरांना कळलंय पण बोलत नाहीत. तो रस्त्यानं चालताना पोट धरून चालायचा, जणू कुणी हिसकावून नेईल.

डॉक्टर पाच झाले. पाचही जणांनी एकच विचारलं, "काय खाता?" एकानं तिखट बंद केलं, दुसऱ्यानं चहा, तिसऱ्यानं दूध, चौथ्यानं हे तिन्ही चालू करून बाकीचं बंद केलं. तपासण्यांची फाइल माझ्यापेक्षा जाड झाली. सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली. "रक्त थोडं कमी आहे, बाकी सगळं नॉर्मल." आणि प्रत्येक नॉर्मलला जाळेवाल्याचा पारा चढायचा. तुम्ही म्हणाल, नॉर्मल आलं तर माणसानं आनंदानं नाचावं. मित्रांनो, ज्याच्या पोटात रोज कुणीतरी सुरी फिरवतं त्याला जर कागद दाखवून सांगितलं की सुरी नाहीच, तर तो काय करेल?

सांगते काय करेल. तपासणीच्या प्रयोगशाळेत खिडकीमागं एक कारकून बसायचा. त्यानं फाइल सरकवली आणि हसून म्हणाला, "अभिनंदन! काहीच निघालं नाही!" जाळेवाल्यानं त्याची कॉलर धरून त्याला खिडकीतून अर्धा बाहेर ओढला. मी सदऱ्याच्या आत, पोटाला फडक्यानं बांधलेली. झटापटीत माझं बूच उडालं आणि कढत पाण्याची धार थेट कारकुनाच्या टकलावर. हा दुसरा माणूस. मग दोन रखवालदारांनी जाळेवाल्याला उचलून दाराकडं भिरकावलं. दार बंद होतं. सगळ्यांत पुढं मी होते. दार फुटलं, मी नाही.

"आणि तिसरा माणूस?" मावसभावानं विचारलं.

तिसरा धाकटा. त्याचं मात्र वाईट वाटतं.

हंगाम तोंडावर होता, चार बोटींची जाळी अडकली होती. जाळेवाला कारखान्याच्या मधोमध मला पोटाशी धरून लोळत होता. धाकट्याच्या कपाळावर आठ्या.

"दादा, रिपोर्टात काही नाही. म्हणजे तुला काही नाही."

"परत बोल."

"बोलतो ना. पोट माझंही दुखतं. आपल्या अण्णांचंही दुखायचं. पण अण्णा असे पिशवी कवटाळून लोळले नाहीत. नाटक आहे हे तुझं. बोटी उभ्या आहेत आणि तू..."

पुढचं वाक्य झालंच नाही. जाळेवाल्यानं माझ्या गळ्याला धरून मला गरगर फिरवलं आणि धाकट्याच्या तोंडावर हाणलं. मी भरलेली होते. धाकटा जाळ्यात कोसळला, उठला, त्यानं वल्ह्याचा तुकडा उचलला. पुढचा अर्धा तास मी सांगत नाही, कारण त्यातला बराचसा मी तुळईवर लटकून पाहिला. जाळेवालीण मधे पडली तेव्हा दोघांच्याही नाकातून रक्त येत होतं आणि धाकट्याचे पुढचे दोन दात शेगडीजवळ पडले होते.

धाकटा महिनाभर बोलला नाही. पण दात गेल्यावर गोळी चेपणार कशानं? तो बाजारातून पकड घेऊन आला. गालात गोळ्या भरणंही त्यानं सोडलं, कारण फटीतून गळायच्या. जाळेवाला त्याला हसायचा, "बघा, बोळका कारागीर!" धाकटा गप्प पकड चालवायचा. आणि मित्रांनो, वर्षभरात धाकट्याचं पोट दुखायचं थांबलं. तो चार घास जास्त जेवायला लागला, बायकोशी नीट बोलायला लागला. हे घरात सगळ्यांनी पाहिलं आणि एकानंही मनात जोडलं नाही. जाळेवालीण एवढंच म्हणाली, "मार खाऊन सुधारला बिचारा."

कारण त्या घरात पोट आणि राग या दोन्ही गोष्टी वारशानं आलेल्या मानत. अण्णांनी एकदा बैलगाडीचं चाक उचलून सावकारावर फेकलं होतं, हे अभिमानानं सांगत. अण्णांचे हात शेवटी मनगटातून लुळे पडले, तेही अभिमानानंच. "आमच्या रक्तातच आहे," जाळेवाला म्हणायचा. एवढं एक तो खरं बोलायचा, पण त्याला ते कळत नव्हतं.

चौथ्या वर्षी त्याच्या अंगावर कपडे लोंबायला लागले. चेहरा मेणासारखा. एका मोठ्या सर्जननं फाइल चाळली आणि सांगितलं, "बाहेरून काही दिसत नाही. पोट उघडून बघू." गुरुवार ठरला. जाळेवाला कागदावर सही करून घरी आला आणि त्यानं घरातला एकुलता एक आरसा फोडला. भीती वाटली की तो काहीतरी फोडायचा. भीती वाटते असं म्हणायची त्याला सवय नव्हती.

त्या वेळी त्यांची धाकटी मुलगी अजून जन्मली नव्हती, थोरली सात वर्षांची होती. म्हणजे सुतळी, तुझी आई. बाप खोलीत आला की ती जाळ्यांच्या ढिगाऱ्यात शिरून बसायची. जाळेवालिणीनं त्याला समोर बसवलं.

"गुरुवारी जे व्हायचं ते होवो. मी तुमच्या उशाशी बसेन. पण ऐका. भांडी फोडलीत, भाऊ फोडलात, आरसा फोडलात. पोरीवर हात गेला तर मी त्याच पावली निघेन. मग पोट बरं झालं तरी आणि नाही झालं तरी."

जाळेवाला खाली बघून म्हणाला, "नाही जाणार."

आता बुधवारचं ऐका. भर दुपार. दुसऱ्या दिवशी पोट उघडणार म्हणून जाळेवाल्याला हातातलं जाळं संपवायचं होतं. गालात गोळ्या, कट्ट, कट्ट. कळ आली की तो डोळे मिटून थांबायचा, परत कट्ट. मी खिळ्याला टांगलेली. मुलगी बापाला मदत करावी म्हणून गोळ्यांचं मोठं ताट उचलून आणत होती. तिनं ते स्वतःहून आणलं होतं. त्याला खूश करावं, एवढंच मनात. उंबऱ्याला ठेच लागली. दोन-अडीच हजार गोळ्या जमिनीवर खडखडत पसरल्या.

जाळेवाला उठला. हातात साचे ठोकायचा लाकडी हातोडा. डोळ्यांत काही नव्हतं. मी त्याला खूपदा रागावलेला पाहिला होता, तसा हा चेहराच नव्हता. मुलगी जागची हलली नाही. हातोडा वर गेला. जाळेवालीण दारातून धावली...

आणि मित्रांनो, मी खिळ्यावरून झेप घेतली.

हो, झेप. विचारा हव्या त्या खिळ्याला. मी हवेत दोन गिरक्या घेतल्या आणि हातोड्याच्या आणि त्यांच्या बरोब्बर मधे आले. हातोडा माझ्यावर बसला. माझी उजवी कूस फाटली, पाणी उसळलं. कुणाला ओरखडासुद्धा नाही. फक्त मी, जमिनीवर, गोळ्यांच्या मधोमध.

हातोडा त्याच्या हातातून गळाला. त्यानं मला उचललं, छातीशी धरलं आणि तसाच अनवाणी पळत सुटला. कोपऱ्यावर एका नव्या डॉक्टरीणबाईंनी नुकताच दवाखाना थाटला होता. बाहेर रांग होती, तो रांग तुडवत आत घुसला.

"वाचवा! माझ्या हातून झालं! वाचवा!"

डॉक्टरीणबाईंनी मला टेबलावर ठेवलं. आधी जखम दाबून धरली, मग धुतली, मग सुईत दोरा ओवला. एकूण सात टाके. मी हूं की चूं केलं नाही. जाळेवाला कोपऱ्यात उकिडवा बसून लहान मुलासारखा तोंड वासून रडत होता. रडता रडता त्याच्या गालातून एक गोळी सुटली आणि स्टीलच्या ट्रेमध्ये पडली. टण्ण.

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला.

"हे काय?"

"गोळी."

"कसली?"

"शिशाची. जाळ्याची."

"तोंडात का होती?"

"मग कुठं ठेवणार, बाई? दोन्ही हात दोरीत असतात."

त्यांनी सुई खाली ठेवली. बॅटरी घेतली आणि त्याचा ओठ वर उचलला. दातांच्या मुळाशी, हिरड्यांवर, पेन्सिलीनं ओढल्यासारखी एक निळसर काळी रेघ होती.

"कधीपासून करता हे?"

"बारा वर्षांचा होतो."

"पोट दुखतं?"

जाळेवाला रडायचा थांबला. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला ते आपणहून विचारलं होतं.

"पोट साफ होत नाही? झोप नाही? हातातलं सुटतं? राग अनावर होतो?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या वडिलांनाही होतं का असंच?"

"अण्णांना? हो. पण ते आमच्या रक्तातच..."

"रक्तातच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शिसं आहे रक्तात. रोज थोडं थोडं गिळताय तुम्ही. ते मोजायची वेगळी तपासणी असते. कुणी सांगितली नसेल." मग त्यांनी सुई उचलली आणि उरलेले टाके घातले.

तपासणी झाली. आकडा बघून प्रयोगशाळेनं ती दोनदा केली. गुरुवारचं ऑपरेशन रद्द झालं. जाळेवाला तीन आठवडे मोठ्या इस्पितळात होता, शिसं बाहेर काढायची औषधं घेत. धाकट्याचंही रक्त तपासलं. त्याचं बरंच कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्ही कधी सोडलंत?" धाकटा फटीतून हसला आणि म्हणाला, "मी कुठं सोडलं? दादानं सोडवलं."

घरात वाटण्या झाल्यासारखं झालं. शेगडी कारखान्यातून उघड्यावर गेली. कारखान्याच्या दाराशी साबण आला, कामाचे कपडे तिथंच काढायचे, हात-तोंड धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही. मुलीचंही रक्त तपासलं. सुदैवानं तिच्यात फार नव्हतं. जाळेवाल्यानं स्वतः बाजारात जाऊन पकड आणली. पहिल्या दिवशी गल्ली बघायला जमली. तो मान खाली घालून गोळी चेपत होता आणि न्हाव्यानं हसायला तोंड उघडलं, तर धाकट्यानं त्याच्याकडं असं बघितलं की न्हावी दुकानात परत गेला.

पोट सहा महिन्यांत बरं झालं. मला खिळ्यावर टांगलं ते टांगलं, पुढं कुणी विचारलं नाही. धूळ बसली, एका उन्हाळ्यात पाठीनं भिंतीला चिकटून बसले. तक्रार नाही. राग मात्र इतक्या लवकर गेला नाही. डॉक्टरीणबाईंना त्यानं एकदा विचारलं होतं, "यातला शिशाचा किती आणि माझा किती?" त्या म्हणाल्या, "शिशाचा आम्ही मोजला. उरलेला तुम्ही बघायचा." तो अजून बघतोय. हातोड्याला त्यानं परत हात लावला नाही. साचे धाकटा ठोकतो.

आणि जाळेवालीण मुलीला घेऊन वर्षभर बहिणीकडे जाऊन राहिली.

"का?" सुतळीनं विचारलं.

हवापालटाला.

"वर्षभर?"

हवा चांगली होती तिथली. बरं, आता गोष्टीतलं सार ऐका, म्हणजे मला गार व्हायच्या आत संपवता येईल.

मित्रांनो, दुखलं तर सांगा. परवापासून दुखत असेल तर परवाच सांगा. आणि कुणी दुखतंय म्हणालं, तर कागद काहीही म्हणो, त्याला नाटक म्हणू नका. तो काय खातो एवढंच विचारून थांबू नका. दिवसभर कुठं बसतो, हातात काय धरतो, तोंडात काय ठेवतो, तेही विचारा. ज्याला आपण घराण्याची सवय म्हणतो ती एकदा उजेडात नेऊन बघा. आणि आम्हा पिशव्यांवरही थोडी दया करा. उकळतं पाणी घालू नका, काम झालं की रिकामी करून उलटी टांगा. आम्ही बोलत नाही, पण मार आम्हालाही लागतो. मी तो बुधवारचा घाव एकटीनं झेलला, घरच्या कुणाला काही होऊ दिलं नाही. माझ्या या उजव्या कुशीवरचे सात टाके त्याची...

सुतळीनं मला पोटावरून उचललं. या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं, बोट फिरवून बघितलं.

"खोटं!" ती मोठ्यानं म्हणाली. "तुझ्या अंगावर एकही टाका नाही. सात टाके आजीच्या भुवईवर आहेत. तिच्या डोळ्यांत औषध घालते तेव्हा मी मोजलेत."